गरम झाल्यावरच मिसिंग करणारे इंजिन: भाग बदलण्याआधी काय तपासावे

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) असलेली त्यांची गाडी थंड असताना पहिल्याच सेल्फमध्ये सुरू होते आणि पंधरा-वीस मिनिटे अगदी सुरळीत चालते. त्यानंतर चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये जोर दिला की ती झटके मारू लागते, उभी असताना आयडलिंगला थोडी थरथरते, आणि अर्धा तास बंद ठेवली की काही झालेच नव्हते अशी पुन्हा चालते. स्कॅनरवर पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा (मिश्रण नीट न जळण्याचा, म्हणजेच मिसिंगचा) कोड येतो. चारही प्लग आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलून झाली, तरी फरक पडलेला नाही. आता पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदलावेत आणि त्यानेही भागले नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, बदलावा, असा सल्ला त्यांना मिळाला आहे. या दोहोंपैकी आधी कशावर खर्च करावा, असे ते विचारत आहेत.

माझे उत्तर असे की तूर्त कशावरच करू नये. कोणता भाग खराब आहे हा पुढचा प्रश्न झाला. त्याआधी गरम झाल्यावर इंजिनात नेमके काय बदलते आणि त्यातला कोणता बदल फक्त तिसऱ्या सिलिंडरला भोवतो, हे ठरवावे लागते. असे दोष महिनोन् महिने रेंगाळतात, कारण गाडी तपासायला घेईपर्यंत आणि वरचे कव्हर काढेपर्यंत इंजिन निवलेले असते. मग मल्टिमीटर सगळे ठीक दाखवतो, दोष सापडत नाही आणि अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार टाळायचा असेल तर एक शिस्त पाळावी लागते. तपासणी दोष चालू असतानाच करावी, आणि जिथे सुरक्षिततेसाठी इंजिन थंड होऊ देणे भाग असते तिथे बदल थंड इंजिनावर करून त्याचा निकाल मात्र पुन्हा तितक्याच गरम इंजिनावर घ्यावा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. डिझेल इंजिनाला हे उत्तर लागू नाही, कारण तिथे ठिणगीच नसते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होणे किंवा डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर गरम होऊन निकामी होणे ही वेगळीच कारणे संभवतात. गाडी गॅसवरही चालत असेल तर व्हॉल्व्हचा संशय बराच वरच्या क्रमांकावर न्यावा लागतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे. आणखी एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडता येत नाही. मिसिंगच्या वेळी चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत आहे असे समजावे. त्या उष्णतेने कन्व्हर्टरचा आतला जाळीदार भाग वितळू शकतो, म्हणून दिवा लुकलुकताना जोर देऊन गाडी चालवू नये.

इंजिन गरम होणे ही एकच घटना नव्हे, आणि मिसिंग नेमके कधी सुरू होते यावरून बरेच काही कळते. सुरुवातीच्या काही मिनिटांत ईसीएम थंड इंजिनाला दिलेले जादा पेट्रोल हळूहळू कमी करतो आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावर विसंबून हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखू लागतो. कुठून तरी बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर आधीच्या जादा पेट्रोलामुळे ती झाकली गेलेली असते. ती या टप्प्यावर, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच, उघडी पडते. पुढे कूलंट ८० ते ९० अंशांवर पोहोचतो आणि टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह किंवा जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर यांसारखी उपकरणे नियमितपणे काम करू लागतात. कॉइल, प्लगच्या खोबणीतले रबरी बूट, इंजिनावरून गेलेले वायरिंग, ऑइल आणि व्हॉल्व्हच्या दांड्या यांना स्थिर तापमानाला यायला मात्र त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो; डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे हे सगळे तापले असे नव्हे. आपली गाडी पंधरा-वीस मिनिटांनी बिघडते आणि अर्धा तास थांबल्यावर सुधारते, म्हणजे दोष या शेवटच्या गटात असण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरा धागा जोराचा आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरते, दाब वाढतो आणि तितक्या दाबात ठिणगी पाडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. म्हणून ठिणगीच्या बाजूचा दोष कमी आरपीएमवर पूर्ण जोर दिल्यावर, उदाहरणार्थ चौथ्या गिअरमध्ये चढ चढताना, सर्वांत ठळकपणे जाणवतो. याउलट बाहेरची हवा ओढली जाणे, ईजीआर उघडा राहणे किंवा व्हॉल्व्ह नीट न बसणे हे दोष आयडलिंगला जास्त त्रास देतात आणि आरपीएम वाढले की सौम्य होतात. आपल्याकडे झटके प्रामुख्याने चढावर बसतात, तेव्हा माझा कल ठिणगी किंवा पेट्रोल पुरवठ्याकडे आहे. पण हा केवळ कल आहे, निदान नव्हे.

स्कॅनरचा उपयोग कोड वाचून संपत नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणाची माहिती फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेली असते. त्यात कूलंटचे तापमान, आरपीएम, इंजिनावरचा भार आणि फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली टक्केवारीतली वाढ-घट) हे आकडे सापडतात, आणि कोड पुसण्याआधी ते लिहून ठेवावेत. बहुतेक चांगल्या स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची मोजणीही दिसते. तिसऱ्याची संख्या वाढत असताना दुसऱ्याचीही थोडीथोडी वाढते आहे का, हे अवश्य पाहावे. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र मिसिंग करत असतील तर त्या दोहोंमधल्या जागी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधले सील) गेल्याची शंका घ्यावी लागते. फ्युएल ट्रिम वाचताना एक फसगत नेहमी होते. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधून पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सरला तेवढा ऑक्सिजनच कळतो, आणि मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे समजून ईसीएम ट्रिम वाढवत नेतो. म्हणून मिसिंग सुरू झाल्यानंतरचा ट्रिम पाहून पेट्रोल कमी पडते असा निष्कर्ष काढू नये. मिसिंग सुरू होण्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांतला ट्रिम पाहावा. तो शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण मुळात ठीक आहे.

यानंतरची चाचणी फुकट होणारी आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. इंजिन थंड असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावावी. त्या वेळी दुसरे काहीही हलवू नये. कोड पुसून गाडी नेहमीच्याच रस्त्यावर नेहमीइतकी तापवावी. कोड पी ०३०१ झाला तर कॉइल दोषी ठरते, मग ती नवी असो वा जुनी. नवी कॉइल म्हणजे चांगली कॉइल असे गृहीत धरण्याची सवय मी केव्हाच सोडली आहे, कारण हलक्या प्रतीच्या कॉइल तापल्यावर पाकिटातून काढल्या दिवशीही दगा देतात. कोड तिसऱ्यावरच राहिला तर दुसऱ्या दिवशी प्लगची अशीच अदलाबदल करावी. घाईने कॉइल आणि प्लग एकत्र हलवले आणि दोष जागचा हलला, तर दोहोंपैकी कोणामुळे हे कळत नाही, आणि तापवण्याची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

प्लग काढलाच आहे तर तो उजेडात नीट पाहावा. पांढऱ्या चिनी मातीवर वरच्या टोकापासून खालच्या धातूच्या षटकोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का, ते बघावे. ती दिसली तर ठिणगी आत पडण्याऐवजी बाहेरच्या बाहेर त्या रेघेवरून इंजिनाच्या धातूला (अर्थला) जात आहे असे समजावे. कॉइलच्या रबरी बुटात बॅटरीचा उजेड पाडला तर तिथेही त्याच जागी जोडीची रेघ सापडते. अशा वेळी नुसता प्लग बदलून उपयोग होत नाही, कारण बुटातली जुनी रेघ नव्या प्लगवरही तोच मार्ग तयार करते. आपल्याकडे आधी प्लग बदलले गेले आणि कॉइल नंतर, त्यामुळे दोघांपैकी एकाने दुसऱ्याला बिघडवले असण्याची शक्यता तपासण्यासारखी आहे. मात्र षटकोनाच्या लगेच वर चिनी मातीभोवती तपकिरी कडे दिसले तर घाबरू नये. उच्च व्होल्टेजमुळे तिथे हवेतले ऑइलचे सूक्ष्म कण चिकटतात. तो निव्वळ डाग असतो, गळती नव्हे. या डागापायी कित्येक चांगले प्लग फेकले जातात. खोबणीत ऑइल साचलेले असेल तर व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलमधून ते झिरपते आहे, आणि ऑइलमध्ये बुडालेला बूट मऊ पडून फुगतो, हेही लक्षात ठेवावे.

मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजून ती चांगली आहे असे आपल्याला सांगितले गेले असेल तर त्यावर विसंबू नये. मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो आणि कॉइलला प्रत्यक्षात हजारो व्होल्ट सांभाळायचे असतात. तापलेल्या इन्सुलेशनला पडलेली चीर मीटरला दिसतच नाही. शिवाय इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आतच बसवलेल्या कॉइलमध्ये त्या मोजणीला फारसा अर्थ उरत नाही. उलट्या बाजूनेही गफलत होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांवर १२ ओहम दाखवणारा इंजेक्टर १०० अंशांवर पावणेसोळा ओहमच्या आसपास दाखवणारच. तेवढ्या वाढीवरून इंजेक्टर खराब ठरवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. चारही इंजेक्टर सारखेच गरम असताना मोजावेत आणि त्यांतला एखादा वेगळा पडतो का, एवढेच पाहावे. संशयित भागाला मुद्दाम तापवून पाहण्याचा मार्ग अधिक खात्रीचा आहे. इंजिन थंड असताना, ते चालू ठेवून, केस वाळवण्याच्या यंत्राने केवळ तिसऱ्या कॉइलवर किंवा तिच्या कनेक्टरवर गरम हवा सोडावी. बाकी सगळे थंड असताना तेवढ्यानेच मिसिंग सुरू झाले तर शोध बराच आटोक्यात येतो.

कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष ठरले, तर इंजेक्टरकडे वळण्याआधी तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर आणि त्यामागची हातभर वायर पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. कॉइल वारंवार काढल्या-घातल्या की कनेक्टरची खिट्टी तुटते, आतल्या पिना सैल पडतात, आणि इंजिन तापल्यावर प्लास्टिक थोडे पसरले की संपर्क सुटतो. इंजिन गरम असून आयडलिंगला असताना कनेक्टर लाकडी दांडीने हळूच दाबून, डावी-उजवीकडे हलवून पाहावा. थरथर थांबली किंवा वाढली तर दोष हाती आला. कधीकधी एवढ्यावर सुंठीवाचून खोकला जातो, कारण पिन घट्ट करून खिट्टी बदलणे पुरते. पुरवठ्याची वायर तपासताना कनेक्टर काढून, इग्निशन चालू ठेवून, पुरवठा आणि अर्थ या दोन पिनांमध्ये २१ वॉटचा बल्ब जोडावा. तुटत आलेली वायर मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, पण बल्बचा करंट तिला झेपत नाही आणि तो मंद जळतो. मात्र ईसीएमकडून येणाऱ्या ट्रिगरच्या पिनेला बल्ब कधीही लावू नये. ईसीएम बदलण्याची वेळ मग खरोखरच येईल.

आता इंजेक्टर. चारही बदलण्याचे मला काही कारण दिसत नाही, कारण कोड एकाच सिलिंडरचा आहे. मिसिंग चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली की त्याची टिकटिक ऐकू येते. पंखा आणि पट्टे यांपासून बाही आणि केस दूर ठेवून हे करावे. तिसऱ्याची टिकटिक इतर तिघांपेक्षा बसकी असेल किंवा मध्येच खंडित होत असेल, तर त्याच्या कनेक्टरला इंजेक्टरच्या सिग्नलसाठी मिळणारा छोटा तपासणी-दिवा लावून पाहावा. दिवा नियमित लुकलुकतो आणि तरी इंजेक्टर चालत नाही, असे असेल तर इंजेक्टरच गुंडाळीत किंवा सुईत अडकतो आहे. मग तोही पहिल्याशी अदलाबदल करून खात्री करता येते. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत पाइपमधला दाब साधारण ३ ते ४ बार असतो, म्हणून तो आधी उतरवून, इंजिन पूर्ण थंड असताना आणि नव्या ओ-रिंग लावूनच हे काम करावे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात हा दाब याच्या कितीतरी पट असतो. तिथे घरी हात घालू नये.

इथवर काहीच सापडले नाही, किंवा गाडी गॅसवर चालत असेल तर इथवर न थांबता, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. ते थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत तपासण्यात खरा अर्थ आहे. व्हॉल्व्हची बैठक झिजत गेली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हावा म्हणून त्याच्या दांडीच्या टोकाशी ठेवलेली मोकळी जागा), जी मुळात मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढीच असते, ती संपत जाते. थंड असताना उरलेली थोडी फट पुरते. दांडी तापून लांबली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे हे दुखणे असते. चारही प्लग काढून, इंजेक्टर आणि कॉइल यांचे कनेक्टर सोडवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आकडे घ्यावेत. ॲल्युमिनियमच्या हेडमधून कडक तापलेले प्लग ओढल्यास आटे निघून येतात, म्हणून हात लावता येईल इतके निवू द्यावे. गरम स्थितीत तिसऱ्याचा आकडा इतरांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल आणि थंड इंजिनावरचा फरक त्याहून कमी असेल, तर टॅपेट सेटिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या तक्रारीत आयडलिंगची थरथर सौम्य आहे, त्यामुळे गॅसची गाडी नसेल तर मी हे शेवटी ठेवले असते. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात फट आपोआप जुळते, तिथे हा विचार बहुतेक गळतो.

क्रँक सेन्सर, कूलंट तापमानाचा सेन्सर, पर्ज व्हॉल्व्ह, पेट्रोल पंप आणि तुंबलेला कन्व्हर्टर ही नावेही आपल्याला ऐकायला मिळतील. यांतली प्रत्येक गोष्ट गरम झाल्यावर त्रास देऊ शकते, पण ती एकट्या तिसऱ्या सिलिंडरला धरून बसत नाही. क्रँक सेन्सर तापून गेला तर सगळे इंजिन बंद पडते आणि आरपीएमचा काटा एकदम शून्यावर येतो. कूलंटचा सेन्सर इंजिन थंडच आहे असे सांगत राहिला तर चारही प्लग काजळीने काळे होतात. पंप कमी पडला तर चारही सिलिंडरची ताकद एकत्र ढासळते. कोड कायम पी ०३०३ येतो तोवर ही यादी बाजूला ठेवावी. तो पी ०३००, म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरला न धरणारा झाला, तर मात्र ती उघडावी. त्यातही पर्ज व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी, कारण मिसिंग चालू असताना त्याची नळी चिमटीत दाबून धरली की उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते.

ईसीएमविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्यातला तिसऱ्या सिलिंडरला सिग्नल देणारा भाग (ड्रायव्हर) तापून बंद पडू शकतो, पण ते विरळा. कनेक्टर, वायर, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन हे सगळे गरम स्थितीत निर्दोष ठरले, आणि मिसिंग चालू असताना ईसीएमच्या पिनेवरच सिग्नल नाहीसा होतो हे ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) प्रत्यक्ष दिसले, तरच त्याला हात लावावा. असे दाखवून न देता ईसीएम बदलायला सांगितले जात असेल तर त्याला माझी संमती नाही.

तर आपल्यापुरता क्रम असा राहील: फ्रीझ फ्रेम लिहून घेणे, कॉइलची अदलाबदल, प्लगची अदलाबदल, गरम असताना कनेक्टर हलवणे, बल्बची चाचणी, तिसऱ्या इंजेक्टरचा आवाज आणि सिग्नल, आणि शेवटी दोन्ही तापमानांचे कॉम्प्रेशन. दोष सापडून दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून गाडी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, पूर्ण तापलेली असताना चालवावी आणि तिसऱ्या सिलिंडरची मिसफायर मोजणी शून्यावर राहते का ते पाहावे. मिसिंगच्या काळात न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरलेले असू शकते. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी (गेज) काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली, तर मुदत संपण्याची वाट न पाहता ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावेत.